तिमाहीचं अक्षर

नोकरी अशी, की वजनांवर शिक्का मारत फिरायचं.
शिशाच्या टिकलीवर वर्ष, आणि वर्षाशेजारी तिमाही :
ए, बी, सी, डी.
माझे ऋतू सरकारी आहेत.

डी लागला की नंदुरबार.
गावाबाहेर पथाऱ्यांवर मिरची, नजर पोचेल तिथवर.
जीप थांबायच्या आधी शिंका सुरू.
बायका नाकातोंडाला फडकी बांधून
लाल ढीग पायांनी उलथत चाललेल्या.
व्यापारी हसतो : भाऊ, काटा बराबर शे,
हाई मिरचीच रोज हलकी व्हस.
खोटं नव्हतं ते. ओली शंभर, वाळून पंचवीस,
बाकीची हवेत. थोडी आमच्या डोळ्यांत.

तिथून सारंगखेडा. तिथे मला काम नाही.
घोडा कुणी तोलत नाही. दात बघतात, भोवरा बघतात,
भाव रुमालाखाली बोटं बोटांना सांगतात.
तरी दोन रात्री राहिलो तापीकाठच्या गारठ्यात,
एका पांढऱ्या घोडीच्या नाकातून निघणारी वाफ बघत.
अहवालात लिहिलं : निरंक.

बी म्हणजे रावेर.
सडकेवर डांबर चपलेला धरून ठेवतं,
खिशात कांदा, डोक्याला ओला पंचा,
आणि पंचा दहा मिनिटांत कोरडा.
मग प्रल्हाद फेगड्यांच्या केळीत शिरलो
आणि कुणी दार लोटल्यासारखा उन्हाळा बाहेर राहिला.
हिरवा अंधार. नळीतून टिपटिप.
घड वाहणाऱ्या पोरांच्या सदऱ्यांवर चिकाचे काळे डाग,
धुऊन न जाणारे, जन्मभराचे.
तिथल्या सावलीत वीस किलोचं लोखंड उतरवून
मी पंधरा मिनिटं झोपलो. हे अहवालात नाही.

जळगावच्या सराफात याच्या उलट :
मिलिग्रॅमचा पत्रा चिमट्यात, पंखा बंद,
दुकानदार, गिऱ्हाईक, गिऱ्हाइकाची आई
सगळे श्वास धरून.
कुणी सुस्कारा सोडला तरी पारडं हलतं.

सी मध्ये प्रकाशाच्या पुलावर उभा राहिलो.
खांबावर रंगवलेले आकडे एकेक करून पाण्याखाली चाललेले.
हे माप माझ्या खात्याचं नाही.
पुढे तोरणमाळचा घाट, आणि धुकं इतकं
की युनूस पिंजारीनं जीप बंद केली,
दोघं मुकाट बसलो.
कुठूनतरी गुरांच्या गळ्यातल्या लाकडी घंटा
जवळ आल्या, बॉनेटला घासून गेल्या.
गाय एकही दिसली नाही.
युनूस म्हणाला, साहेब, निघायचं का?
मी म्हटलं, कुठं?

ए. धडगावचा बाजार, होळीच्या आदल्या आठवड्यातला.
पावरा पोरं मोरपिसं विकत घेत हिंडताहेत,
डोंगर पानगळीनं उघडे, वाटा ताज्या मोहानं गोड.
खेमलीबाई चारोळी विकते. तराजू दोरीचा,
एका पारड्यात चारोळी, दुसऱ्यात ओढ्यातला दगड.
कायद्याप्रमाणे मी तो उचलला, माझ्या काट्यावर ठेवला :
पाचशे एकेचाळीस ग्रॅम.
अर्धा किलो म्हणून देत होती.
कुणाला ठाऊक किती वर्षं.
तिला मी आकडा सांगितला. तिनं ऐकला,
जसा पाहुण्याच्या गावचा पाऊस ऐकतात.
जादा असो की कमी, कलम एकच.
दगड जप्त केला, पावती फाडली,
तिनं पावतीची पुडी करून त्यात चारोळी बांधली,
आणि मला दिली.

पुढच्या फेरीत तिच्या पारड्यात दुसरा दगड होता.
त्याच ओढ्यातला, तसाच राखाडी, एका बाजूनं चपटा.
मी त्या बाजूला गेलो नाही.
चहा घेतला, भगर घेतली, उगाच मोरपीस घेतलं.

आता रात्रीची सुरत-भुसावळ पॅसेंजर.
नरडाण्याला चढलेली म्हातारी पायानं पिशवी सरकवू बघते,
सरकत नाही. काय शे रे थैलीमा?
किलो, मी म्हणतो. नुसते किलो.
ती आधी हसते, मग थोडी बाजूला सरून बसते.
खिडकीतून अमळनेरचे दिवे येतात.
खालच्या कप्प्यात, वजनांच्या खाली,
फडक्यात गुंडाळलेला तो पहिला दगड.
मुद्देमालात अजून जमा केलेला नाही.